पहिली खाच

(रत्नागिरी. मिरकरवाड्याच्या वरच्या अंगाला बंदूक दुरुस्तीचं दुकान. दुकान आणि मागची खोली यांच्यामध्ये गोणपाटाचा पडदा. तुळसा पडद्याआड.)

दर्शन : ...तर बार पेटवायची केप बसते ते टोक पार गंजलंय. घोड्याचं डोकं चेचलंय. आणि आतली चकतीही काढून टाकू. सगळं नवं बसवतो. जुनं जाईल भंगारात.

गौरव : चकती म्हणजे कुठली?

दर्शन : घोडा ओढला की आत फिरते ती. तिला दोन खाचा असतात. पहिल्या खाचेत घोडा अर्ध्यावर थांबतो. तेव्हा बंदूक भरलेली असली तरी उडत नाही, खांद्यावर टाकून फिरा. दुसऱ्या खाचेत पुरा चढतो. मग चाप ओढला की बार.

तुळसा : दर्शन, तो घोडा पुन्हा एकदा ओढ बघू.

गौरव : आत कोण आहे?

दर्शन : तुळसाआत्या माझी. चौऱ्याहत्तर झाली. दिसत नाही आता फारसं. आत्या, तू पड जरा.

तुळसा : पडून पडून पाठीची फळी झाली. ओढ म्हणते ना. सावकाश.

दर्शन : घे. ऐकलंस? झालं समाधान?

तुळसा : दुसरा आवाज खणखणीत आहे. पहिला बोदा. दस्त्यावर डाव्या अंगाला एक गाठ आहे का रे, काजूच्या बोंडाएवढी?

गौरव : आहे! तुम्हाला आतून कसं कळलं?

दर्शन : अहो, लाकूड म्हटलं की गाठ असायचीच. तुम्ही असं करा गौरव, परवाना ठेवून जा, मी नोंद करून घेतो. गुरुवारी या.

तुळसा : गाव कुठलं तुझं, बाबा?

गौरव : लांज्याच्या आत. पणजोबांच्या नावावर होती ही. मग वडिलांच्या, आता माझ्या. मुंबई सोडून आलो तीन वर्षांपूर्वी. हळद लावली, सुरण लावला. डुकरांनी एका रात्रीत सगळा मळा नांगरला. माकडं तर दिवसाढवळ्या येतात, नारळ कोवळे असतानाच खाली टाकतात. शेवटी म्हटलं, आहे ती बंदूक तरी नीट करून घ्यावी.

तुळसा : इतकी वर्षं वापरली नाही?

गौरव : एकदासुद्धा नाही. माळ्यावर, पोत्यात गुंडाळलेली. निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करायची, निकाल लागला की परत आणायची. एवढाच तिचा प्रवास. वडील म्हणायचे, आपल्या घरात मतदान न चुकता करणारी ही एकटीच.

दर्शन : हा हा. बरं, मग गुरुवारी...

तुळसा : रामाचा कोण तू?

गौरव : नातू. तुम्ही ओळखायचात आजोबांना?

तुळसा : नाव ऐकलंय.

गौरव : नाव सगळ्यांनीच ऐकलंय, आजी. चांगलं म्हणून नाही. बाळामामांना लागला तो बार ह्याच बंदुकीचा. बाळामामा म्हणजे सखूआजीचा भाऊ. माझ्या आजोबांचा सख्खा मेहुणा.

दर्शन : जुन्या गोष्टी कशाला उगाळायच्या? चहा सांगू का?

तुळसा : त्याला बोलू दे. कसं झालं म्हणतात तुझ्या घरात?

गौरव : आजोबा आणि बाळामामा रात्रीची राखण करून सकाळी परत येत होते. दगडी गडग्यावरून उतरताना आजोबांचा पाय सरकला, बंदुकीचा दस्ता चिऱ्यावर आपटला, आणि बार उडाला. मामा पुढे होते. आजोबा मरेपर्यंत एकच सांगायचे, घोडा अर्ध्यावर होता. कुणी मानलं नाही. पोलीस म्हणाले, पुरा चढवून फिरत होतास. एक वर्ष आत होते. आणि आजीच्या माहेरचे म्हणाले, बागेच्या हद्दीवरून दोघांचं वाजलं होतं, मुद्दाम मारला.

तुळसा : आणि सखू?

गौरव : तिचं माहेर तुटलं ते तुटलंच. आईच्या बाराव्यालासुद्धा तिला बोलावलं नाही. पंचावन्न वर्षं झाली. राजापूरच्या अलीकडेच आहे माहेर, एसटीने तासाभराचं. ती खिडकीत बसली की अजून त्या बाजूला बघत नाही.

तुळसा : आहे ना ती? बरी आहे?

गौरव : आहे की. ऐंशीला आलीय. काल बंदूक काढली तर म्हणाली, नेतोस तर ने, पण आधी माझ्यासमोर घोडा अर्ध्यावर ठेव आणि दस्ता अंगणात आपट. रिकामीच होती. चार वेळा आपटली, दोनदा घोडा पडला. आजी उठून आत गेली. वडील म्हणाले, पन्नास वर्षांच्या गंजाने एवढं व्हायचंच.

दर्शन : बरोबर बोलले. गंजच आहे. म्हणून तर म्हणतो, चकतीच नको. नवी टाकतो, तिचे पैसेही घेत नाही, जा.

तुळसा : दर्शन.

दर्शन : काय गो, आत्या?

तुळसा : टोक गंजलंय म्हणालास, खरं असेल. घोडा चेचलाय, तोही चेचला असेल. चकतीला काय झालं? तू तर अजून उघडूनही बघितलं नाहीस.

दर्शन : अंदाज असतो माणसाला.

तुळसा : तुझ्या बापाने सांगून ठेवलं होतं ना? लांज्याची गाठीची बंदूक दारात आली तर चकती बदल, जुनी समुद्रात टाक, आणि म्हातारीला आत ठेव.

दर्शन : आत्या! अहो, मनावर घेऊ नका. औषधाची गोळी घेतली की ही अशीच बरळते.

गौरव : थांबा. समुद्रात का टाकायची?

तुळसा : दर्शन, चकती काढ बाहेर.

दर्शन : मी काढणार नाही.

तुळसा : मग मी येते आणि काढते. डोळे गेलेत, बोटं आहेत अजून. घोडा-चकतीच्या त्या कुलपाचे दोन स्क्रू माझ्याच हातचे आहेत.

गौरव : तुमच्या हातचे?

दर्शन : झालं! बोललीस ना! पुढच्या आठवड्यात परवान्याची तपासणी आहे, माहीत आहे ना तुला? ह्या दुकानात आजोबा, मग बाबा, मग मी, तिघांचीच नावं कागदावर आहेत. चौथं नाव निघालं तर हे शटर कायमचं खाली. मग मी काय करू, ट्रॉलरच्या विंचांना ग्रीस लावत फिरू?

तुळसा : आताही तेच करतोस. बंदुकीचं बारीक काम कधी धरलंस तू? परवापरवापर्यंत मी करत होते.

गौरव : आजी, मला नीट सांगा. ही बंदूक तुम्ही बांधलीत?

तुळसा : नळी बाबांनी आणली, दस्ता सुताराने तासला. आग पेटते तिथलं सगळं माझं. केपेचं टोक, घोडा, चकती, कमान. बाबांचे हात थरथरायला लागले होते, मी तेव्हा पंधराची असेन. गिऱ्हाईक पुढे बाबांशी बोलायचं, काम पडद्याआड माझ्या मांडीवर. बाईमाणसाने बंदुकीला हात लावलेला कळला असता तर कोणी दारात उभं राहिलं नसतं. दसऱ्याला हत्यारं पुजायची, तेव्हा मी लांबून फूल टाकायचे. वर्षभर मांडीवर, आणि त्या दिवशी लांबून.

गौरव : मग चकतीत काय आहे?

तुळसा : दर्शन, किती वेळा सांगू?

दर्शन : काढतो. काढतो बाई. ही घ्या. बघा काय बघायचं ते. मला तर चकतीसारखी चकती दिसते.

तुळसा : टेबलाच्या खणात बारीक कानस आहे, ती त्याला दे. गौरव, कधी कानस चालवलीय?

गौरव : कोयत्यावर.

तुळसा : तेवढं पुरे. चकती शेगड्याच्या जबड्यात घट्ट आवळ. आधी दुसऱ्या खाचेवर चालव, खालच्या. एकदाच, हलक्या हाताने.

गौरव : हं... सरकतेय. काचेवरून गेल्यासारखी.

तुळसा : घसरतेय ना? लोखंड घडवलं की ते मऊ असतं. लाल तापवायचं, मग बुडवायचं, त्याला पाणी देणं म्हणतात. पाणी चढलं की कानस धरत नाही. आता पहिल्या खाचेवर चालव.

गौरव : ...

तुळसा : ऐकलं मी.

गौरव : खातेय. कीस पडला बघा, चमकतोय. एवढ्याशा चकतीत एक खाच कडक आणि एक मऊ?

दर्शन : गंज...

तुळसा : गंज लोखंड खातो, मऊ करत नाही. दर्शन, तुला माहीत आहे. कशाला त्या मुलाला फसवतोस?

गौरव : मग मऊ कशी राहिली ती?

तुळसा : मी ठेवली. अख्ख्या चकतीला पाणी दिलं होतं आधी. बसवून बघितली तर पहिली खाच नीट धरेना. म्हणून दगडावर घासली, मग तेवढीच परत तापवून, पाणी उतरवून घासली, खोल केली. चांगली बसली. आता तिला पुन्हा पाणी द्यायला हवं होतं, नाहीतर धक्क्याने घोडा सुटतो. पुन्हा भट्टी, पुन्हा कोळसा, तासभर तरी. आणि चार वाजता मला बघायला येणार होते.

गौरव : बघायला?

तुळसा : पावसचं स्थळ. माडाची बाग, मुलगा शाळेत मास्तर. आई सकाळपासून मागे लागली होती, हात धू, हात धू. लिंबू चोळलं, राख चोळली, नखातला काळा निघेना. एकदाचा निघाला होता. आणि पुढे तुझे पणजोबा बसलेले, पाचची गाडी चुकेल म्हणून घाई करत. बाबांनी पडद्यापलीकडून विचारलं, झालं का? मी म्हटलं, झालं.

गौरव : झालं नव्हतं.

तुळसा : नव्हतं. मनात म्हटलं, नवी बंदूक आहे, महिन्याभराने तेलपाण्याला आणतीलच, तेव्हा देईन. कोण आणतो परत? चार महिन्यांनी पोलीस घेऊन आले. तिघंजण. बाबांना म्हणाले, तपासून सांगा. मी इथेच होते, ह्याच पडद्याआड. बाबांनी कानस चालवली. आत्ता तू ऐकलास तोच आवाज. बाबांनी कानस खाली ठेवली. मग म्हणाले, खाच ठीक आहे साहेब, माझ्या हातचं काम आहे.

गौरव : आणि तुम्ही?

तुळसा : मी आत.

गौरव : तुम्ही ऐकलंत, आणि आत बसून राहिलात? माझे आजोबा वर्षभर तुरुंगात होते, आजी! सुटून आले तर गावात कुणी त्यांना भजनाला शेजारी बसू देईना. सखूआजी विहिरीवर गेली की बायका घागरी उचलून निघून जायच्या. भावाला खाल्लंस म्हणायच्या.

दर्शन : हे बघा, आवाज चढवू नका. ती एकोणीस वर्षांची होती.

गौरव : तेव्हा एकोणीस. नंतर?

तुळसा : त्याला ओरडू दे, दर्शन. पंचावन्न वर्षांत ह्यावरून माझ्यावर ओरडणारा पहिलाच माणूस आहे तो. नंतर... त्या रात्री बाबा म्हणाले, तू तोंड उघडलंस तर मी जाईन तुरुंगात, तू जाशील, तुझा भाऊ नऊ वर्षांचा आहे, तो कुणाच्या दारात जाईल? खरंच होतं ते. मग बाबा गेले. म्हटलं, आता जाऊन सांगते. तेव्हा ह्याच्या बापाचं नुकतंच लग्न झालं होतं, दुकान त्याच्या नावावर झालेलं. मग दर्शन झाला. मग ह्याची फी. दर वेळी काहीतरी खरंच असायचं.

गौरव : पण सांगायला कधी आलातच नाही.

तुळसा : आले होते एकदा. लांज्याच्या बाजारापर्यंत. विचारत विचारत गेले तर कुणीतरी बोट दाखवलं, ती बघा रामाची बायको, कोकमं घेऊन बसलीय. हिरवं लुगडं, दंड घालून शिवलेलं. मी समोर उकिडवी बसले. तोंडात शब्द आले होते. तिने विचारलं, किती देऊ? मी म्हटलं, शेरभर. तिने शेर मोजला आणि वर मूठभर घातली. मी घेतली आणि परतीच्या गाडीत बसले.

गौरव : आणि ती कोकमं?

तुळसा : त्या कोकमांची कढी मी प्यायले नाही. आईने केली, सगळ्यांनी वाहवा केली.

दर्शन : गौरव, मी हात जोडतो. जे झालं ते झालं, रामाजी नाहीत, माझे आजोबा नाहीत. चकती मला द्या. बंदूक अशी करून देतो की तुमच्या पोरांच्या पोरांना पुरेल.

गौरव : चकती मी देणार नाही. आजीला फोन लावतोय.

दर्शन : आत्ता? अहो, विचार तरी करा...

गौरव : हॅलो, आजी? गौरव. हो, रत्नागिरीतच. ऐक. अगं, जेवलो. जेवलो गं! ऐक आधी. ती घोड्याची खाच आहे ना, ती मऊ होती. पहिल्यापासून. गंजामुळे नाही. आजोबांचा घोडा अर्ध्यावरच होता. हो. मी स्वतः कानस चालवून बघितली. ज्यांनी बसवली त्या बाई समोर आहेत, म्हणजे पडद्यामागे आहेत, त्याच सांगतायत. हो, बाई. तेव्हा मुलगी होत्या. पाणी द्यायचं राहिलं, कारण त्यांना त्या दिवशी बघायला येणार होते... आजी? आजी, आहेस ना?

दर्शन : काय म्हणतायत?

गौरव : थांबा. हां, बोल आजी. काय? विचारतो. तुळसाआजी, ती विचारतेय, होकार आला होता का?

तुळसा : काय?

गौरव : पावसच्या स्थळाचा. होकार आला होता का, असं विचारतेय.

तुळसा : सांग तिला, आला होता. पंधरा दिवसांनी कार्ड आलं. बाबांनी उलट कळवलं, मुलीची पत्रिका जुळत नाही. मी गेले असते तर चकत्या कोणी बसवल्या असत्या?

गौरव : ऐकलंस आजी? हो. नाही, नाहीच झालं लग्न. नंतरही नाही. इथेच. हो, ह्याच खोलीत... बरं. बरं, सांगतो. ठेव.

तुळसा : शिव्या घातल्या?

गौरव : नाही. म्हणाली, तो तुकडा रुमालात बांधून आण, वाटेत कुणाला दाखवू नकोस. उद्या सकाळच्या गाडीने आपण दोघं राजापूरकडे जाऊ. भावाची मुलं आहेत तिथे, त्यांच्या पुढ्यात ठेवायचा आहे म्हणाली. चहा विचारला तर पिऊ, नाही विचारला तर ठेवून परत येऊ.

दर्शन : आणि विचारलं की कुठून आणला, तर? दुकानाचं नाव घेणार?

गौरव : दर्शनभाऊ, तुमचं वाईट व्हावं असं मला वाटत नाही. पण नुसता लोखंडाचा तुकडा दाखवून ते कसे मानतील?

तुळसा : नाव घे. दुकानाचं नाही, माझं घे. तुळसा म्हणून बाई होती, तिच्या हातचं काम, तिने अर्धवट ठेवलं. कुणी विचारायला आलं तर मी इथे आहे. पंचावन्न वर्षं इथेच आहे.

दर्शन : आणि तपासणी? साहेबांनी मला विचारलं तर मी काय सांगू, आत्या?

तुळसा : मला माहीत नाही, बाळा. खरंच माहीत नाही. तुझ्या आजोबांना माहीत असायचं. त्यांचं ऐकत आले आजवर.

गौरव : बंदुकीचं काय करायचं? आजी म्हणाली, नीट करूनच आण. डुकरं काही पंचावन्न वर्षं थांबणार नाहीत म्हणाली.

तुळसा : असं म्हणाली?

गौरव : तस्संच.

तुळसा : दर्शन, हा पडदा वर बांध. अंधारात जीव घुसमटतो.

दर्शन : पुढून सगळं दिसेल.

तुळसा : दिसू दे. आणि मऊ करून ठेवलेलं पोलाद आहे फळीवर, कागदात, ते दे. चकती मी कापते, खाचा तू कानसायच्या, माझं बोट खाचेत असेल. चुकलास तर मला कळेल. केपेचं टोक बसवताना आटे मोजायचे, शेवटपर्यंत बसलंच पाहिजे, नाहीतर सगळा धूर ह्या पोराच्या डोळ्यात. भट्टीत कोळसा आहे का?

दर्शन : आहे. ओला असेल जरा.

तुळसा : मग वेळ लागेल पेटायला.

गौरव : किती? माझी पाचची गाडी आहे. म्हणजे... घाई नाही. उशीर झाला तर राहीन मी, पहाटेची गाडी धरेन.

तुळसा : बस तू, बाबा. पहिल्या खाचेला पाणी दिल्याशिवाय ही बंदूक बाहेर जाणार नाही. आज मला कुणी बघायला येणार नाहीये.